बोनेटवरचं नाव : कैलासचंद्र महिंद्रा

मित्रांनो, आपल्या अंकाच्या मराठी विभागात दरवर्षी दोन-तीन चरित्रं असतात. सावित्रीबाई, विश्वेश्वरय्या, कलाम सर... ती यायलाच हवीत. पण आपल्या खान्देशात एक नाव असं आहे, जे आपण रोज वाचतो आणि तो माणूस कोण होता हे कधीच विचारत नाही. चोपड्याच्या स्टँडबाहेर, शिरपूरच्या फाट्यावर, शहाद्याहून धडगावला जाताना, रावेरच्या केळीच्या मळ्यांत, कुठेही बघा, जीपच्या अंगावर ते नाव असतंच. आत नऊ जण, मागे लटकलेले तीन, टपावर दोन बोचकी आणि एखादी बकरी! महिंद्रा. हे कंपनीचं नाव होण्याआधी दोन भावांचं आडनाव होतं. त्यातल्या धाकट्याची ही गोष्ट, कारण जीपचा धागा जास्त करून त्याच्याकडे जातो.

कैलासचंद्र महिंद्रा यांचा जन्म १८९४ साली पंजाबात लुधियाना इथे झाला. नऊ भावंडांतले ते दुसरे. थोरले जगदीशचंद्र, १८९२ चे. वडील लवकर वारले आणि घर जगदीशचंद्रांच्या अंगावर आलं. त्यांनी धाकट्यांची शिक्षणं थांबू दिली नाहीत. ते स्वतः मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकले, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! पुढे ते टाटा स्टीलमध्ये गेले आणि १९२९ ते १९४० तिथे सीनियर सेल्स मॅनेजर होते. कैलासचंद्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकून केंब्रिजला गेले. परत आल्यावर कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

ही मार्टिन कंपनी म्हणजे सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांची. मुखर्जी सिव्हिल इंजिनिअर होते आणि कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल याच कंपनीने बांधलं. कैलासचंद्रांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, ते १९३३ साली प्रसिद्ध झालं. मला ही गोष्ट फार आवडली. ज्या माणसाचं चरित्र मी लिहितोय, त्यानेही कधीतरी बसून एका इंजिनिअरचं चरित्र लिहिलं होतं. आणि त्यातून माणूस कळतो. पूल, पाणीपुरवठा, रेल्वे अशी कामं देशी माणूस इंग्रजांच्या राज्यात कशी उभी करतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि ते लिहून ठेवण्याइतकं त्यांना महत्त्वाचं वाटलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. दोघे भाऊ सरकारी कामात ओढले गेले. जगदीशचंद्र देशाचे स्टील कंट्रोलर झाले. कैलासचंद्र अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख झाले. भारताला लागणारा माल अमेरिकेतून मिळवायचा हे काम. आणि अमेरिकेतच त्यांची गाठ बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरशी पडली. (नाव वाचून रशिया आठवतो, पण माणूस अस्सल अमेरिकन, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेला.) या रूसची थोडी माहिती दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेकॅनिकलवाल्यांनी जरा लक्ष देऊन वाचा, बाकीच्यांनी मेसची बेल होईपर्यंत तरी वाचा.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्र पाठवलं. छोटी, चारही चाकांना पॉवर मिळणारी, कुठेही जाणारी गाडी पाहिजे. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा! (आपल्याला अख्खं सेमिस्टर मिळतं आणि तरी सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानासमोर लाईन असते.) फक्त दोन कंपन्या पुढे आल्या, बँटम आणि विलीज. फोर्ड नंतर आली. बँटमने ४९ दिवसांची मुदत पाळली. विलीजचे मुख्य इंजिनिअर होते बार्नी रूस, आणि त्यांनी नोव्हेंबरमध्ये आपला नमुना दिला. त्यातलं इंजिन बाकी दोघांपेक्षा दणकट होतं. बँटमचं इंजिन ४५ हॉर्सपॉवर, फोर्डने आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन टाकलं होतं ते ४६, आणि विलीजचं ६०.

ही ६० हॉर्सपॉवर आली कुठून? रूस १९३८ साली विलीजमध्ये आले तेव्हा कंपनीचं जुनं इंजिन ४८ हॉर्सपॉवरचं होतं आणि फुल स्पीडला काही मिनिटं चालवलं की मोडत होतं. रूसनी सिलिंडरचा बोअर बदलला नाही, स्ट्रोक बदलला नाही. इंजिन २.२ लिटरचंच राहिलं. बदललं ते आतलं सगळं : चांगलं मेटल, हलके पिस्टन, घट्ट टॉलरन्स. दोन वर्षं ते इंजिन टेस्ट बेंचवर मोडत आणि सुधारत गेले. शेवटी तेच इंजिन शंभर तासांच्या वर फुल स्पीडला चालू लागलं. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता.

पण गाडी लठ्ठ झाली. लष्कराची वजनाची मर्यादा होती २१६० पौंड, म्हणजे ९८० किलो. विलीजची गाडी अडीचशे पौंडांहून जास्त भरली. आता रूसपुढे दोन रस्ते होते. एक, दुसऱ्यांसारखं हलकं इंजिन टाकायचं आणि मोकळं व्हायचं. दोन, इंजिन तेच ठेवायचं आणि बाकीच्या अख्ख्या गाडीतून वजन काढायचं. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. गाडी पूर्ण खोलली. एकेक पार्ट काट्यावर ठेवला. जिथे नटाच्या बाहेर बोल्ट जास्त येत होता तिथे तो आखूड केला. जिथे चांगलं स्टील वापरून पत्रा पातळ करता येईल तिथे केला. रंगाचा सुद्धा एकच हात दिला, कारण दुसऱ्या हाताचंही वजन होतं! गाडी परत जोडली तेव्हा ती मर्यादेपेक्षा सात औंसांनी कमी भरली. सात औंस म्हणजे साधारण २०० ग्रॅम. आपल्या मेसमधली एक वाटी वरण! चाकाला थोडा चिखल लागला असता तरी गाडी नापास झाली असती.

जुलै १९४१ मध्ये मोठी ऑर्डर विलीजला मिळाली. पुढे फोर्डनेही विलीजच्याच डिझाइनवर गाड्या बनवल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

आमच्या कॉलेजची सीनियर मुलं बाहा स्पर्धेची गाडी बनवतात आणि आग्रा रोडने पिथमपूरला घेऊन जातात. तिथे इंजिन सगळ्या टीमना सारखंच असतं, त्यामुळे सगळा खेळ वजनाचा. ड्रिल घेऊन भोकं पाडणाऱ्या आपल्या दादा लोकांना रूसची गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, यात नवीन काय? बरोबर आहे. पण रूसने कुठे भोक पाडायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवलं. इंजिन. बाकी सगळ्याची घासाघीस चालेल.

तर अशा माणसाशी आणि अशा गाडीशी कैलासचंद्रांची ओळख झाली. ते लष्करी माणूस नव्हते. त्यांचं काम मालाच्या खरेदीचं. पण हिंदुस्थानात गावांना रस्ते नाहीत हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

१९४५ मध्ये ते परत आले. २ ऑक्टोबर १९४५ ला दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा होता स्टीलचा. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. एम अँड एम ही अक्षरं आधीचीच राहिली. पार्टनर एका देशाचा अर्थमंत्री आणि आपण दुसऱ्या देशात, कंपनी तीन वर्षांची. त्या वेळी घरी काय बोलणं होत असेल कल्पना करा. त्यांनी दुकान मात्र बंद केलं नाही.

१९४७ मध्ये विलीजशी जीपचा करार झाला होता. १९४९ साली पहिल्या ७५ जीप सुट्या भागांच्या पेट्यांमधून मुंबईला आल्या आणि माझगावला जोडल्या गेल्या.

त्या काळात जीप या शब्दाची आपल्याकडे बदनामीही चालू होती. १९४८ साली लष्करासाठी इंग्लंडमधून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप घ्यायचा करार झाला होता. त्यातल्या १५५ आल्या आणि त्या वापरण्याच्या लायकीच्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून तो गाजला. महिंद्रांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण जुना माल आणि नवीन माल यातला फरक सगळ्या देशाला त्यामुळे कळला.

आता मुख्य मुद्दा. माझगावला आली ती युद्धातली जीप नव्हती. युद्ध संपता संपता विलीजने जीपची शेतकऱ्यांसाठी नवी आवृत्ती काढली, सीजे नावाची. आज आपण ज्याला अपग्रेड म्हणतो, ते तिच्यात काय केलं होतं? दिसायला थोडंच. हेडलाईट मोठे झाले, मागे पडणारं फळकं आलं, स्टेपनी बाजूला गेली. खरं काम खाली होतं. गिअरबॉक्स दणकट बसवला. ॲक्सलचा रेशो ४.८८ होता तो ५.३८ केला. ट्रान्सफर केसचा लो रेशो जवळजवळ २ होता तो २.४ च्या वर नेला.

कॅल्क्युलेटर काढा. युद्धातल्या जीपचा पहिला गिअर २.६६, लो १.९७, ॲक्सल ४.८८. गुणाकार केला की २५.६ येतो. शेतीच्या जीपचा पहिला गिअर २.८, लो २.४६, ॲक्सल ५.३८. गुणाकार ३७. इंजिन तेच ६० हॉर्सपॉवरचं, पण सगळ्यात खालच्या गिअरला चाकावर येणारी ओढ ४० टक्क्यांहून जास्त वाढली! बदल्यात वरच्या स्पीडमध्ये साधारण दहा टक्के गेले. सैनिकाला पळायचं होतं. शेतकऱ्याला ओढायचं होतं. आणि ज्या देशात गाव आणि डांबर यांच्यामध्ये नदीचं पात्र, नाला आणि काळी माती आहे, तिथे दहा टक्के स्पीडचं कोणाला काय पडलंय?

काळी माती म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या मित्रांसाठी सांगतो. आपली माती कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती पाणी पिऊन फुगते. सिव्हिलच्या सरांना विचारा, ते मॉन्टमोरिलोनाइट नावाचं क्ले मिनरल सांगतील. आमच्यासाठी ती फक्त चिकट. चप्पल घालून शेतात जा, परत येताना पाय दोन किलोचा होतो. टायरच्या खाचांत ती भरली की टायर गुळगुळीत आणि गाडी जागेवर. अशा ठिकाणी स्पीड काही कामाचा नाही. सावकाश आणि जोराने ओढणारं चाक पाहिजे.

इथे जरा विषयांतर करतो. माझ्या रूम पार्टनरच्या मामांनी मागच्या वर्षी सरकारी लिलावात निघालेली जुनी एमएम ५४० जीप घेतली. मामा रावेर तालुक्यात पालच्या बाजूला राहतात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी आहे. पावसाळ्यात वरच्या पाड्यांवरून कोणी आजारी माणूस आला, बाळंतीण आली, की झोळीतून खालपर्यंत आणतात आणि मग रात्री मामांच्या दारावर थाप पडते. गाडी नीट करायची होती, बजेट थोडं होतं, म्हणून मामांनी आम्हा इंजिनिअर लोकांना विचारलं. बस्स! हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत मीटिंग चालली. एक म्हणे ३१ इंची टायर टाका. एक म्हणे गाडी चार इंच उचला. एकाला पुढे विंच पाहिजे, एकाला टपावर लाईटची पट्टी. काय भो, पिक्चरमध्ये बघितली नाही का तशी गाडी?

मग आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. मूळ टायर सुमारे २८ इंच उंच. ३१ इंची टाकलं की चाक दहा टक्के मोठं झालं, म्हणजे ओढ दहा टक्के कमी झाली. ज्या ओढीसाठी रेशो वाढवून घेतला होता, ती आपण पैसे देऊन परत करतोय! शिवाय मोठं टायर जड, त्याचा भार बेअरिंगवर, स्टिअरिंगवर आणि सगळ्यात जास्त ब्रेकवर. गाडी उचलली की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर, आणि आत झोपलेला पेशंट, घाटाचं वळण. विंच चांगली, पण तिचं वजन पुढच्या पाट्यांवर कायमचं बसतं आणि ती वर्षातून दोनदा लागणार. लोखंडी बुलबारला तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच मनाई केली आहे. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल करता येणार नाही. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

शेवटी मामांनी काय केलं? मूळ मापाचेच टायर, पण खोल खाचांचे. चारही ब्रेक ड्रम खोलून लायनिंग नवीन आणि सिलिंडर नवीन, कारण ड्रममध्ये नाल्याचं पाणी शिरलं की ब्रेक थोडा वेळ धरत नाहीत आणि आधीच झिजलेले असतील तर विचारायलाच नको. पाट्यांचे बुश बदलले. पुढे-मागे दोन हुक चासीला बोल्टने पक्के केले आणि एक चांगला दोर ठेवला. एक पायाचा पंप घेतला. पंप कशाला? तर चिखलात शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची, पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत. टायर जमिनीवर पसरतं आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर आलं की परत भरायची. या अपग्रेडला पंपाची किंमत सोडली तर खर्च शून्य. फोर बाय फोर असली तरी साध्या डिफरन्शियलमुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत फिरलं की गाडी तिथेच थांबते, म्हणून लॉकर बसवायची आमची शिफारस होती. मामांनी ती पुढच्या वर्षाच्या केळीवर टाकली. आमची लाईटची पट्टी मात्र त्यांनी चक्क हसण्यावारी नेली.

असो. परत कैलासचंद्रांकडे.

१९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले. कंपनी आता कैलासचंद्रांवर आली आणि ते शेवटपर्यंत चेअरमन राहिले. लगेच दोन वर्षांत मोठा प्रश्न समोर आला. तोवर परदेशी गाड्या पेट्यांतून आणून इथे नुसत्या जोडायच्या, असा धंदा बऱ्याच कंपन्या करत होत्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की जे भारतात पार्ट बनवायला तयार आहेत त्यांनाच राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या हिशोब करून भारतातून निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीने बाजार फार छोटा होता. महिंद्रा थांबले आणि त्यांनी टप्प्याटप्प्याने जीप इथेच बनवायला घेतली.

आज हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या वेळी गिअर कापायचे, ॲक्सल फोर्ज करायचे, इंजिनचा ब्लॉक ओतायचा म्हणजे प्रत्येकासाठी मशिन, मिस्तरी आणि चांगलं मेटल पाहिजे, आणि त्यातलं थोडंच देशात होतं. मला वाटतं कैलासचंद्रांचं खरं कर्तृत्व इथे आहे. जीप अमेरिकेतून आणणं व्यापाऱ्याचं काम झालं. ती इथे बनवायची म्हणजे तिचा प्रत्येक पार्ट आपल्याला समजला पाहिजे. आणि तिथे साधेपणाचा फायदा झाला. ज्या गाडीत पाटे, ड्रम ब्रेक, सपाट पत्रा आणि सपाट काच आहे, ती शिकणाऱ्या देशाला बनवता येते. ती तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्तही होते. जास्त सुखसोयींची गाडी निवडली असती तर हे जमलं असतं का, मला शंका आहे.

यातच इंजिन बदललं. विलीजने १९५३ च्या सुमारास त्याच २.२ लिटर ब्लॉकवर नवीन हेड बसवलं. इनटेक व्हॉल्व्ह वर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. ताकद ६० वरून ७० च्या पुढे गेली. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेट वर उचललं. तीच सीजे-३बी. आपल्या आजोबांनी बघितलेली बीडीओ साहेबांची जीप, फॉरेस्टची जीप, पोलिसांची जीप, ती उंच कपाळाची! अमेरिकेत ते बोनेट कुरूप म्हणून लोकांनी नाकं मुरडली. आपल्याकडे तोच जीपचा चेहरा झाला आणि कित्येक वर्षं टिकला. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, गटागटांत अधिकारी नेमले गेले, आणि त्यांच्याबरोबर जीप पाड्यापाड्यांत पोचली. तेव्हा आपले दोन जिल्हे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश होते.

कैलासचंद्र नुसते कारखानदार नव्हते. १९४६ साली कोळसा खाणींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते आणि ती समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५३ मध्ये, म्हणजे पार्ट इथे बनवायचे की गाशा गुंडाळायचा हा प्रश्न समोर असताना, त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. परदेशात पोस्ट ग्रॅज्युएशनला जाणाऱ्या भारतीय मुलांना हा ट्रस्ट बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. फायनल इयरच्या मित्रांनो, जीआरईच्या पुस्तकाबरोबर हेही नाव लिहून ठेवा. मोठ्या भावाने लहानांची शिक्षणं थांबू दिली नव्हती, त्या घरातून हे आलं आहे.

१९६२ मध्ये कंपनीने कांदिवलीला मोठी जागा घेतली. १९६३ मध्ये कैलासचंद्र वारले. वय ६९. त्यांच्यानंतर मुलगा केशुब चेअरमन झाले आणि २०१२ पर्यंत राहिले.

त्याच १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या बापजाद्यांनी शेतात चालवला आहे. मग १९७३ ला जगात पेट्रोल भडकलं. पेट्रोलची जीप पोसणं सरकारी खात्यांनाही जड जाऊ लागलं, मग साध्या माणसाचं काय? तेव्हा कंपनीने त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपच्या बोनेटखाली घातलं. आकड्यांत बघाल तर हा अपग्रेड म्हणायचा की डाउनग्रेड? हॉर्सपॉवर पेट्रोलपेक्षा बरीच कमी. आवाज असा की आत बसलेल्याला शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागे. १९४० मध्ये फोर्डने ट्रॅक्टरचं इंजिन टाकलं म्हणून ती स्पर्धेत कमी पडली होती, आणि तीस-पस्तीस वर्षांनी इकडे ट्रॅक्टरचं इंजिन टाकल्यामुळे जीप तगली! कारण कमी आरपीएमला ओढ भरपूर, डिझेल स्वस्त, आणि बिघडली तर धुळ्या-जळगावपर्यंत टोचन लावून आणायची गरज नाही. गावातला जो फिटर ट्रॅक्टर खोलतो, तोच पान्हे घेऊन बांधावर येतो आणि जीपही खोलतो.